आठानं गुणलंस का?

म्हसवडात नानांचं घर विचारलं तर कुणी थेट सांगत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा एसटी स्टँडजवळच्या रसवंतीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "सिद्धनाथाच्या देवळाकडं जावा. तितं भायेर नारळवाला बसतोय, त्येला ठावं हाय." नारळवाला म्हणाला, "मला न्हाई ठावं, पर माझ्या मेव्हण्याच्या गिरणीची मोटर नानांनीच दुरुस्त केली. त्येला इचारा." मेव्हणा जेवायला घरी गेला होता. त्याच्या पोरानं पिठाळलेल्या हातानं गल्ली दाखवली. "घोंगड्यांचं दुकान व्हतं न्हवं, त्येच्या म्होरं दोन घरं."

ते दुकान आता नाही. जे नाही त्याच्यापासून दोन घरं मोजत मी नानांच्या दारात पोचलो आणि घाम पुसत सगळी हकिकत सांगितली. वाटलं, माणूस हळहळेल, निदान पाणी तरी विचारेल. नानांचा चेहरा उजळला.

"बघ! रसवंतीवाला म्हंजी पॉइंटर. नारळवाला म्हंजी पॉइंटरचा पॉइंटर. घोंगड्याचं दुकान हा बेस, दोन घरं हा ऑफसेट. जर्मन लोकांनी इनडायरेक्ट ॲड्रेसिंग आत्ता काढलं, आमच्या म्हसवडात पयल्यापास्नं हाय."

पाणी काकूंनी आणलं.

माणदेशातल्या माणसावर लिहिणं तसं जोखमीचं. व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९ साली 'माणदेशी माणसं' लिहून ठेवल्यापासून इथं कुणी नुसतं खाकरलं तरी वाचकाला वाटतं, हा त्यातलाच कुणीतरी. पण माडगूळकरांच्या त्या माणसांत पीएलसी प्रोग्रॅमर नव्हता. तेवढ्या एका भांडवलावर मी हे धाडस करतोय.

पीएलसी म्हणजे कारखान्यातल्या पॅनेलमध्ये बसलेला तो पाटीपेन्सिलीच्या पेटीएवढा डबा. कुठला पंप कधी लागायचा, कुठला व्हॉल्व्ह कधी मिटायचा, हे तो ठरवतो. आपण पितो ते दूध आणि नळाला येतं ते पाणी बहुतेक वेळा अशा एखाद्या डब्याच्या परवानगीनंच आपल्यापर्यंत आलेलं असतं. नानांनी भोसरीत एका पॅनेलवाल्याकडं वीसेक वर्षं काढली. रिलेंच्या खडखडाटात शिरले, पीएलसीच्या शांततेत बाहेर पडले आणि गावी परतले. आता दहिवडीपासून आटपाडीपर्यंत दूध डेअरी, पंपघर, तेलाचा घाणा, काहीही अडलं की नानांना निरोप जातो. निरोपच जातो, फोन नव्हे. फोन नाना उचलत नाहीत. "फोन म्हंजी डायरेक्ट ॲक्सेस. कुनीबी उठतंय आन् घुसतंय."

डोक्याला टोपी, वरच्या खिशात टेस्टर, बनियनच्या चोरखिशात वही. त्या वहीबद्दल पुढं सांगतो.

नाना कुठल्याही वस्तूला नावानं हाक मारत नाहीत. डेअरीतल्या कामगारानं "नाना, पाश्चरायझरचा पंप बंद पडला" असं सांगितलं तर त्यांना कळत नाही. ते शून्यात बघतात, ओठ हलवतात आणि म्हणतात, "म्हंजी औसगाव चार पॉइंट दोन." आउसगांग हा आउटपुटला जर्मन शब्द. नाना भोसरीत एका जर्मन मशीनवर शिकले. त्या मशीनच्या कागदांत इनपुटला आयनगांग आणि आउटपुटला आउसगांग लिहिलेलं होतं. नानांनी त्यांची ऐनगाव आणि औसगाव अशी दोन गावं केली आणि गेली कित्येक वर्षं सगळी वीज या दोन गावांच्या दरम्यान ये-जा करते आहे.

मला त्यांनी पहिला धडा दिला तो चाळीचा. "मेमरी म्हंजी चाळी. एका चाळीत खोल्या आठ. नंबर शून्य ते सात. आठ नंबरची खोली नसतीच. सातच्या म्होरं पाऊल टाकलंस की दुसऱ्या चाळीच्या शून्य नंबरात. एम दहा पॉइंट तीन म्हंजी धावी चाळ, तीन नंबरची खोली. खोलीत दिवा हाय का न्हाई, येवढंच बघायचं." चाळ म्हणजे बाइट आणि खोली म्हणजे बिट, हे मला अभियांत्रिकीच्या चार वर्षांत इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, खोलीच्या दारावर नाव का लिहू नये? 'मुख्य पंप चालू', 'टाकी भरली', असं? आजकाल सगळे तसंच करतात. त्याला सिंबॉलिक ॲड्रेसिंग म्हणतात. नाव वाचून कुणालाही कळतं.

नानांनी माझ्याकडं सोयरीक मोडायला आलेल्या माणसाकडं बघावं तसं बघितलं.

"आमच्या शिवारात एक 'नवी हीर' हाय. कदी खांदली? बाहत्तरच्या दुष्काळात. आजून नवीच. तिच्या शेजारी चार वर्सामागं खांदली तिला काय म्हनत्यात? 'बोअरजवळची'. बोअर कवाच आटून बुजवली. आता तू मला सांग, नावात काय ऱ्हायलं?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण त्याच महिन्यात मी एका डेअरीत 'जुना पंप' नावाचं बटण दाबून अगदी कोरा पंप चालू केला होता.

नावांवर नानांचा राग असा जुना आहे, आणि त्या रागाला एक दैवतही आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं ढिगानं, त्यात पत्ते लिहिणाऱ्यांच्या भाषा अनेक आणि अक्षर देवाला ठाऊक. टपाल खात्याची ही डोकेदुखी ओळखून त्यांनी सहा आकड्यांचा पिनकोड घडवला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. नाना १५ ऑगस्टला दोनदा हात जोडतात, एकदा झेंड्याला आणि एकदा वेलणकरांना. "कवी मानूस आसून आकड्यावर इस्वास ठेवला," हे सांगताना त्यांचा गळा खरोखर दाटतो. पिंपळगावं किती, वडगावं किती, पण म्हसवडचा ४१५५०९ देशात एकच.

दुसरं दैवत अमेरिकेतलं, डिक मॉर्ले. त्यानं १९६८ च्या १ जानेवारीला पीएलसीची कल्पना कागदावर मांडली. त्या पहिल्या यंत्राचं नाव ०८४, कारण ते त्यांच्या कंपनीचं चौऱ्याऐंशीवं काम होतं. "बापानंच पोराचं नाव नंबर ठेवलं," नाना म्हणतात, "आन् तुमी पोरं त्येच्या नातवंडांची बारशी करीत सुटलाय."

मी एकदा त्यांना कोंडीत पकडायचं ठरवलं. आपल्याच माण तालुक्यात गोंदवले. ब्रह्मचैतन्य महाराजांनी जन्मभर एकच सांगितलं, नाम घ्या. म्हटलं, "नाना, महाराज नाम घ्या म्हणाले आणि तुम्ही नंबर घेता?"

नाना दर गुरुवारी गोंदवल्याला जातात. क्षणभर डोळे मिटून ते म्हणाले, "नाम द्येवाचं घ्याचं. व्हॉल्व्हचं न्हाई."

आता इनडायरेक्टबद्दल. नानांचा खरा जीव तिथं. नुसता पत्ता म्हणजे त्यांच्या लेखी पोस्टमनची नोकरी. कला सुरू होते ती चिठ्ठीपासून. "ह्या खोलीत जा" असं न सांगता "त्या खोलीत एक चिठ्ठी हाय, तीत लिवलंय त्या खोलीत जा" असं यंत्राला सांगायचं. चिठ्ठी बदलली की तोच प्रोग्रॅम दुसऱ्या दारात. याचा उपयोग खरंच मोठा आहे. पन्नास टाक्यांना पन्नास वेळा तेच लिहिण्याऐवजी एकदाच लिहायचं आणि चिठ्ठीतला आकडा वाढवत जायचं. पण नाना एकाच टाकीसाठीही चिठ्ठी लिहितात. एका दिव्याला एक बटण जोडायचं असलं तरी त्यांचा प्रोग्रॅम आधी तीन घरं फिरून येतो. मी हसलो तर म्हणाले, "लग्नाला मुलगी बघायला थेट जातोस का रं? मधी कुनीतरी लागतंय का न्हाई?"

या विद्येनं मला एकदा बुडवलं, आणि नानांनी काढलं. ती हकिकत सांगितल्याशिवाय नाना कळायचे नाहीत.

पशुखाद्याचा एक छोटा कारखाना. सात कोठ्या: मका, सरकी पेंड, गव्हाचा कोंडा, तूरचुनी, क्षारमिश्रण, मीठ आणि शेवटी मळीची टाकी. आठवी जागा पुढंमागं लागेल म्हणून मोकळी ठेवलेली. प्रत्येक जिनसाचं वजन दोन बाइटांत, म्हणजे एका फॉर्म्युल्याला सोळा बाइट. शून्य नंबरचा फॉर्म्युला गाभण गाईंचा, एक नंबरचा दुभत्या म्हशींचा, असे सहा. प्रोग्रॅम नानांच्या पद्धतीनं एकदाच लिहायचा. फॉर्म्युल्याचा नंबर घ्यायचा, सोळानं गुणायचा, मग आठानं गुणायचा, कारण त्या जर्मन डब्यातला पॉइंटर चाळी मोजत नाही, खोल्या मोजतो. तीन घरं डावीकडं सरकवलं की आठानं गुणलं जातं. जाणते लोक ती एकच ओळ लिहितात. मी सोळानं गुणलं आणि चहाला गेलो. परत आलो तो चहाच्या तंद्रीत पुढच्या ओळीवर.

चाचणी शून्य नंबरच्या फॉर्म्युल्यावर घेतली. शून्याला कशानं गुणा, न गुणा, शून्यच. वजनं काट्याला काटा जुळली. मालकानं पेढे दिले.

दुसऱ्या दिवशी दुभत्या म्हशींचं खाद्य निघालं. पॉइंटर सोळाव्या बाइटावर जायचा तो सोळाव्या बिटावर गेला, म्हणजे दुसऱ्या बाइटावर, म्हणजे गाभण गाईंच्याच यादीत एक घर पुढं. प्रत्येक कोठीला शेजारणीचं वजन मिळालं. मक्याला पेंडेचं, पेंडेला कोंड्याचं, आणि मिठाला मळीचं. टनाला दहा किलो मीठ पडायचं ते शंभर किलो पडलं. मळीला मोकळ्या जागेतलं शून्य.

पोती गेली. संध्याकाळी फोन यायला लागले. बऱ्याच म्हशींनी पाटीत तोंड घालून लगेच वर काढलं होतं. ज्या भोळ्या होत्या त्यांनी दोन घास खाल्ले आणि हौदावरून हलायचं नाव घेईनात. दिवस उन्हाळ्याचे, गावाला पाणी टँकरचं. माणदेशात दुसऱ्याच्या म्हशीला तहान लावणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजणार नाही. पोती परत आणवली, मालक माझ्याशी बोलेना. लॅपटॉप उघडून मी रात्री अकरापर्यंत वजनकाटे तपासले, लोडसेलच्या वायरी ओढून पाहिल्या, कोठ्यांचे स्क्रू उघडले. अखेर मोटारसायकल काढून म्हसवड गाठलं.

नाना ओट्यावर बाजेवर आडवे. मी "पीएलसी खराब झालाय" इथून सुरुवात केली. त्यांनी हात वर केला.

"म्हशी पानी लई पित्यात का?"

"हो."

"आन् गायी?"

"गायींची काही तक्रार नाही."

"मिठाच्या शेजारी कोन हाय?"

"मळी."

नाना कुशीवर वळले. "आठानं गुणलंस का?"

लॅपटॉप पिशवीतच होता. वायर नाही, मीटर नाही, बाजेवरून उठणंही नाही. म्हशीच्या तहानेवरून माणूस प्रोग्रॅमच्या ओळीवर पोचला. मी त्या रात्री मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो, आणि सकाळी प्रत्यक्ष. त्यानंतर नाना मला नमस्काराच्या जागी "आठानं गुणलंस का?" एवढंच विचारतात. माझ्या लग्नात आहेर देतानाही तेच विचारलं. बायकोनं पुढं आठवडाभर त्याचा अर्थ विचारला.

नाना गुणी आहेत, पण नाना वाईटही आहेत, हे लिहिलं नाही तर अपुरं होईल. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये एकही शेरा नसतो. कुठल्या चाळीत कोण राहतं ते फक्त वहीत, आणि वही चोरखिशात. आमच्याकडं सुगी झाली की हेळवी येतात, बैलावर सामान लादून, आणि तुमच्या खापरपणज्यापासूनची वंशावळ धडाधड म्हणून दाखवतात. तो हेळवी येईपर्यंत तुमच्या पणज्याचं नाव तुमच्याजवळ नसतं, त्याच्याजवळ असतं. नाना म्हणजे या भागातल्या यंत्रांचे हेळवी. यंत्र डेअरीचं, वीज डेअरीची, पण त्याची कुळकथा नानांच्या खिशात. हे गुरूपण आहे की भाडेकरूनं घराची किल्ली न सोडणं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा दुसरंच असावं.

नव्या डब्यांनी मात्र नानांना जेरीस आणलंय. हल्लीच्या जर्मन पीएलसीत डेटा कुठं ठेवायचा ते डबा स्वतः ठरवतो. तुम्ही नाव द्यायचं, पत्ता नसतोच. मी त्यांना पहिल्यांदा ते दाखवलं. नावांची यादी होती आणि पत्त्याचा रकाना गायब. नाना चष्मा पुसून परत परत बघत राहिले.

"पत्ताच न्हाई?"

"नाही नाना. त्याला ऑप्टिमाइज्ड म्हणतात."

"मंग ऱ्हातो कुटं?"

आवाज असा, जणू कुणाची जमीन गेली. पण नाना हार जाणारे नव्हेत. त्या ब्लॉकच्या गुणधर्मांत 'ऑप्टिमाइज्ड' समोर एक टिक असते आणि ती काढता येते, हे त्यांनी दोन दिवसांत शोधून काढलं. टिक काढली की जुने पत्ते परत दिसतात. आता कुठल्याही नव्या यंत्रापुढं बसले की नाना आधी सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं म्हणतात आणि मग ती टिक काढतात. तरुण पोरं मागून ती परत लावतात. असा खेळ एका दूध केंद्रात वर्षभर चालू आहे.

घरात नानांची सत्ता कितपत, हा वेगळा विषय. काकू त्यांना 'अहो' म्हणतात, नाना काकूंना 'ऐकलं का'. बाहेरच्यांशी बोलताना ते 'दाद्याचे वडील' आणि त्या 'दाद्याची आई'. दाद्या पुण्याला. बेस तिकडं गेला तरी ऑफसेट इथं नीट चाललाय, असं नाना म्हणतात. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलंच तर उखाण्यात गुंडाळून, ही आमच्या बायकांची रीत त्यांना इनडायरेक्टचा कळस वाटते. मी म्हटलं, तुम्हाला बाकीचं जग सुधारलेलं दिसत नाही का? तर माणदेशी बँकेचा दाखला काढला.

ही गोष्ट सगळ्या म्हसवडाला ठाऊक आहे. चेतना गाला सिन्हा यांच्याबरोबर इथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं फेटाळला, कारण अर्ज करणाऱ्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका खचल्या नाहीत. धुळाक्षरं गिरवली आणि पुन्हा गेल्या. व्याजाचा तोंडी हिशेब आमच्याइतका जलद करून दाखवा, असं साहेबांनाच म्हणाल्या. १९९७ साली बँक उभी राहिली. काकू तिच्या जुन्या खातेदार.

नानांचा निष्कर्ष वेगळाच. "आंगठा म्हंजी ॲबसोल्यूट ॲड्रेस. जगात दुसरा न्हाई. तरी सायबांना सिंबॉल पायजे व्हता." काकू चुलीकडून म्हणाल्या, "आंगठ्यावर सावकारानं कागुद केलं व्हतं माझ्या आईचं. सई आली म्हनून माझं वाचलं." त्यानंतर बराच वेळ ओट्यावर कुणी बोललं नाही. नामपक्षाचा एवढा एकच विजय मी त्या घरात पाहिला.

मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ असतो. गुलाल-खोबऱ्याची उधळण आणि रथाला हात लावायला उसळलेली माणसं. गेल्या रथाला नानांचा मोतीबिंदू काढून पंधरवडाच झाला होता, डोळ्यावर काळा चष्मा. गुलाल चुकवत ते दारात उभे होते. मला बघून चोरखिशातनं वही काढली आणि हातात दिली. "माज्यानं आता बारीक दिसत न्हाई. तू सांबाळ." मला भरून आलं. घरी येऊन देव्हाऱ्यापुढं बसून वही उघडली. पहिल्या पानावर एकच ओळ: 'पान ४६ बघ.' पान ४६ वर: 'फडताळातली लाल वही, पान ३.' दुसऱ्या दिवशी परत म्हसवड. काकूंनी लाल वही शोधून दिली. पान ३ वर: 'नानाला इचार.'

विचारलं. सांगितलंही, दोन दिवस बसवून, चाळ आणि खोलीसकट. मी सगळं लिहून घेतलं, नावांनिशी. नानांनी ते पाहिलं न पाहिलंसं केलं.

नानांचं स्वतःचं नाव मात्र मला अजून माहीत नाही. कामाचं बिल काकूंच्या नावानं निघतं आणि पैसे त्यांच्याच खात्यात जातात, माणदेशी बँकेत.